नजरेला नजर देण्याचे गुण

प्रति,
मा. शिक्षणमंत्री

विषय : सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या निरीक्षण-तक्त्यातील चार निकष वगळण्याबाबत

महोदया,

मी माध्यमिक शाळेत शिकवते. आठवड्यातून एक तास माझ्याकडे सामाजिक-भावनिक शिक्षणाचा, म्हणजे स्वतःच्या भावना ओळखणं आणि इतरांशी जुळवून घेणं शिकवण्याचा, असतो आणि वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाचा निरीक्षण-तक्ता भरावा लागतो. त्यातले चार निकष असे : बोलताना नजरेला नजर देतो, गटात मिसळतो, एका जागी शांत बसतो, राग आवरतो. पुढे खूण करायची, 'नेहमी', 'कधीकधी' किंवा 'कधीच नाही'. कित्येक वर्षं मी त्या खुणा बिनदिक्कत केल्या. त्यामुळे हे पत्र तक्रार कमी आणि कबुली जास्त आहे.

माझ्या वर्गात एक ऑटिस्टिक (स्वमग्न म्हटली जाणारी) मुलगी होती. पहिल्या सहामाहीत नजरेच्या निकषापुढे 'कधीच नाही'. प्रशिक्षणात सांगितलेले सगळे उपाय मी केले आणि वर्षअखेरीस तिथे 'नेहमी' आलं. माझं कौतुकही झालं. पुढच्या वर्षी तिनेच सहज सांगितलं, की ती माझ्या दोन भुवयांच्या मध्ये बघते, मनात चारपर्यंत मोजते, खाली बघते, पुन्हा चार मोजते. "पण मॅडम, मोजताना तुमचं बोलणं कळत नाही." आधी ती खाली बघायची तेव्हा तिला सगळं कळत होतं. म्हणजे वर्षभर खपून मी तिचं ऐकणं बंद केलं आणि त्याचे तिला गुण दिले.

स्वतःला असं झाकून इतरांसारखं दिसत राहण्याला मास्किंग म्हणतात. ते फुकट होत नाही. चिंता, नैराश्य आणि जीव नकोसा होण्याच्या विचारांशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. शाळेत 'गुणी' असलेलं मूल घरी पोचताच कोलमडतं तेव्हा आपण घराकडे बोट दाखवतो. ते बोट मीही दाखवलं आहे.

हा विषयच बंद करा, असं मी म्हणत नाही. 2011 साली 213 शालेय उपक्रमांचा आणि त्यांतल्या 2 लाख 70 हजारांवर विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या वागण्यातच नव्हे, अभ्यासातही सुधारणा दिसली होती. अमेरिकेतल्या 'कॅसल' या संस्थेने या शिक्षणाची पाच अंगं मांडली आहेत, आणि त्यांतलं पहिलं आहे स्वतःची जाणीव. आपण नेमकं तेच पटकन उरकतो. चेहऱ्यांचं चित्र दाखवून "तुला आत्ता कसं वाटतंय, बोट ठेव" म्हणतो. पण सुमारे निम्म्या ऑटिस्टिक व्यक्तींना स्वतःची भावना ओळखून तिला नाव देणं अवघड जातं. याला अलेक्सिथिमिया असं नाव आहे. भूक, तहान, धडधड हे शरीराचे आतले इशारेही काहींना उशिरा किंवा एकदम अंगावर आल्यासारखे कळतात. अशा मुलाला 'राग आवर' सांगून काय उपयोग? त्याला राग आला आहे हे त्यालाच सगळ्यात शेवटी समजतं. आता मी वेगळं विचारते. हात गार पडलेत का? जबडा आवळलाय का? पंख्याचा आवाज नकोसा झालाय का? उत्तरं येतात. बोलून नाही तर लिहून, कधी नुसती मान हलवून.

एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड जाणं) असलेला माझा एक विद्यार्थी खोडरबर चुरत असला की धडा ऐकत असतो. हात थांबले की समजावं, स्वारी वर्गाबाहेर गेली. तक्त्यात मात्र हात थांबण्यालाच मान आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. या तासाचा सगळा भार आपण एकाच बाजूच्या मुलांवर टाकतो. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने 2012 मध्ये 'दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न' मांडला : ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांनाही त्याचं कळत नाही. 2020 मध्ये कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग झाला. त्यात ऑटिस्टिक व्यक्तींच्या साखळीत निरोप इतरांच्या साखळीइतकाच नीट पोचला, घसरला तो मिश्र साखळीत. (2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात ती घसरण दिसली नाही, हेही सांगायला हवं. पण ऑटिस्टिक साखळी उणी दोन्ही वेळा ठरली नाही.) मग 'गटात मिसळतो' या निकषावर फक्त त्या मुलीची परीक्षा का? तिला गटात घेणाऱ्या, न घेणाऱ्या तीस जणांचं काय?

माझ्या सहकाऱ्यांचा प्रश्न मला पाठ आहे : उद्या कोणी कोणाला मारलं तर तेही 'वेगळेपण' म्हणून सोडायचं का? अजिबात नाही. मारणं थांबवायचंच. पण मार खाणाऱ्याला वाचवणं आणि हात हलवत बसणाऱ्याला स्थिर करणं, ही दोन कामं आपण एकाच तक्त्यात कोंबली आहेत.

म्हणून विनंती एवढीच, की नजर, मिसळणं आणि शांत बसणं हे निकष काढून टाका. 'राग आवरतो'च्या जागी 'मदत मागण्याची स्वतःची रीत सापडली आहे का' असं विचारा. आणि नवा तक्ता करणाऱ्या समितीत ऑटिस्टिक, एडीएचडी आणि डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेली तरुण मुलं बसवा, केवळ चहापुरती नव्हे तर मत नोंदवण्यासाठी. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं बारावं कलम 1989 पासून हेच सांगतं, की मुलाशी संबंधित बाबतीत त्याचं म्हणणं विचारात घ्या. एक भीतीही आहे. 'न्यूरोडायव्हर्सिटी' (माणसामाणसांच्या मेंदूंचं स्वाभाविक वेगळेपण) हा शब्द परिपत्रकाच्या मथळ्यावर येईल आणि खाली तक्ता जुनाच राहील. तसं होणार असेल तर शब्दही नको.

या सहामाहीचे तक्ते पुढच्या आठवड्यात द्यायचे आहेत. त्या चार निकषांपुढे मी खूण करणार नाही. कारण विचारलं गेलं तर या पत्राची प्रत जोडेन.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका