खलनायकांची टोळी आणि चीताचे काय झाले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला सुपरहिरो कार्टून मालिकांवरचा लेख वाचला. या मालिकांना मराठी वर्तमानपत्रात पान-अर्धे पान मिळाले याचा आनंद झाला. लेखकाने त्या मन लावून पाहिलेल्या दिसतात, म्हणूनच दोन दुरुस्त्या सुचवतो. एका विधानाशी मात्र मुळीच सहमत नाही, त्याविषयी सविस्तर लिहितो.

पहिली दुरुस्ती. ‘चॅलेंज ऑफ द सुपर फ्रेंड्स’ या १९७८ च्या मालिकेतल्या ‘लीजन ऑफ डूम’ या खलनायकांच्या टोळीत जोकर असल्याचे लेखात म्हटले आहे. तो त्यात नव्हता. त्या टोळीत १३ जण होते: लेक्स ल्युथर, ब्रेनिअ‍ॅक, बिझारो, टॉयमॅन, सिनेस्ट्रो, ब्लॅक मँटा, चीता, जायगँटा, गोरिला ग्रॉड, कॅप्टन कोल्ड, सॉलोमन ग्रंडी, रिडलर आणि स्केअरक्रो. बॅटमॅनच्या वाट्याला आले ते हे शेवटचे दोघे. दुसरी दुरुस्ती स्पायडरमॅनची. १९९४ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतल्या सहा जणांच्या टोळीला लेखात ‘सिनिस्टर सिक्स’ म्हटले आहे. ते नाव १९६४ च्या कॉमिकमधल्या टोळीचे. मालिकेत ती ‘इन्सिडियस सिक्स’ झाली आणि नावाबरोबर माणसेही बदलली. डॉक्टर ऑक्टोपस आणि मिस्टिरिओ राहिले; व्हल्चर, इलेक्ट्रो, क्रेव्हन आणि सँडमॅन यांच्या जागी स्कॉर्पियन, ऱ्हायनो, शॉकर आणि कॅमेलियन आले.

आता मतभेदाचा मुद्दा. कार्टूनमधले पात्र काल वागले तसेच आज वागले पाहिजे असा हट्ट धरू नये, मुलांच्या ते लक्षातही येत नाही, अशा अर्थाचे वाक्य लेखाच्या शेवटी आहे. मी ३४ वर्षे मुद्रितशोधक म्हणून काम केले. कादंबरीत चाळिसाव्या पानावर डाव्या पायाने लंगडणारा माणूस दोनशेव्या पानावर उजव्या पायाने लंगडू लागला, की समासात प्रश्नचिन्ह काढायचे, एवढाच आमचा अधिकार. दुरुस्ती करायची की नाही हे लेखक ठरवणार. पण प्रश्नचिन्ह काढलेच पाहिजे, कारण वाचक तिथे अडखळणार हे आम्हाला ठाऊक असते. आणि कार्टूनच्या बाबतीत अडखळणारा वाचक माझ्या शेजारीच बसलेला असतो. माझी नात नऊ वर्षांची आहे. २००१ साली सुरू झालेली, सुपरहिरोंच्या संघावरची ‘जस्टिस लीग’ आणि तिच्या पुढची ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ आम्ही दोघांनी पहिल्या भागापासून ओळीने पाहिली. अनलिमिटेडमध्ये वंडर वुमनची वैरीण चीता पुन्हा एका टोळीत दिसली, तेव्हा नातीने हातातली वाटी खाली ठेवली आणि विचारले, “आबा, हिला तर ग्रंडीने नेले होते ना?”

प्रश्न अगदी बरोबर होता. ‘इनजस्टिस फॉर ऑल’ या ‘जस्टिस लीग’मधल्या दोन भागांच्या कथेत सुपरमॅनचा वैरी ल्युथर टोळी जमवतो. बॅटमॅन त्यांच्या हाती सापडतो आणि बांधलेल्या अवस्थेतही नुसत्या बोलण्याने एकेकाला दुसऱ्याविरुद्ध फिरवू लागतो. फितुरीचा संशय चीतावर येतो. तिला टोळीतल्याच राक्षसी ताकदीच्या सॉलोमन ग्रंडीच्या हवाली केले जाते आणि कथेत ती पुन्हा दिसत नाही. मोठा प्रेक्षक समजायचे ते समजतो, लहानही समजतो. आणि काही वर्षांनी तीच चीता दुसऱ्या टोळीत उभी. ती कशी वाचली, ग्रंडीने सोडून दिले की ती निसटली, एका वाक्यानेही सांगितलेले नाही. माझ्या नातीच्या लक्षात ते आले, कारण त्या दोन भागांत तिला चीताची दया आली होती. जिच्यासाठी मूल हळहळले तिला असे परत आणणे मला मान्य नाही.

मेलेले पात्र परत आणायला माझी हरकत नाही. ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज’मधला मिस्टर फ्रीझ हा खलनायक घ्या. १९९२ च्या ‘हार्ट ऑफ आइस’ या भागात त्याची बायको नोरा कायमची गेली असे तो धरून चालतो, आपणही धरून चालतो. १९९४ च्या ‘डीप फ्रीझ’मध्ये ग्रँट वॉकर नावाचा धनाढ्य माणूस त्याला सांगतो की ती जिवंत आहे, आणि त्या एका बातमीच्या जोरावर त्याच्याकडून आपले काम करवून घेऊ पाहतो. नोराचे परत येणे हीच तिथे गोष्ट झाली. तेवढे कष्ट चीतासाठी कुणी घेतले नाहीत.

चेहरेपट्टीतले फरक मी सोडून देतो. १९९७ मध्ये बॅटमॅनच्या मालिकेतली चित्रे नव्याने काढली गेली आणि सोनेरी केसांची कॅटवुमन काळ्या केसांची झाली. चित्रकाराचा हात बदलतो, त्याला विसंगती म्हणू नये. पात्र ज्या कारणासाठी जगते ते कारण सरकले की प्रश्नचिन्ह काढावे.

हे सर्वांत आधी उघडे पडते ते टोळीत. खलनायक एकटा असतो तेव्हा त्याचे कारण भागभर पुरते. दहा-बारा जण एका टेबलाभोवती बसले की प्रत्येकाला विचारावे लागते, तू इथे का? १९७८ च्या लीजनकडे याचे उत्तर फार थोड्या वेळा असते. टोळी भरली ती नायकांची हजेरी समोर ठेवून: ग्रीन लँटर्नला सिनेस्ट्रो, अ‍ॅक्वामॅनला ब्लॅक मँटा, वंडर वुमनला चीता. त्यातही ब्लॅक व्हल्कन आणि सामुराई या, कॉमिकमधून न येता ‘सुपर फ्रेंड्स’ मालिकांसाठीच घडवलेल्या नायकांना स्वतःचा असा वैरी मिळालाच नाही. बाकी कॅप्टन कोल्ड हा मुळात दरोडेखोर. पैसा लुटावा आणि निसटावे, एवढी त्याची झेप. त्याला सगळ्या जगावर राज्य कशाला हवे? रिडलर तर गुन्ह्याआधी कोडे घातल्यावाचून राहू न शकणारा माणूस, आणि त्याला बसवले दलदलीत बुडी मारणाऱ्या गुप्त किल्ल्यात. उरलेल्या बारा जणांचे आणि त्याचे पटते कसे, यावर मला निदान एक भाग तरी हवा होता. १६ भागांत कोणी एक बेत सांगतो, बाकीचे मान डोलावतात, शेवटी सगळे मिळून पळतात. नावे झाकली तर कोणते वाक्य कोणाचे हे ओळखणे कठीण व्हावे इतकी ती पात्रे एकमेकांत मिसळून गेली आहेत.

त्याच लीजनमधल्या जायगँटाची गोष्ट मात्र पाहण्यासारखी आहे. १९४४ च्या वंडर वुमन कॉमिकमध्ये ती मुळात वानर, यंत्राने स्त्री झालेली. १९७८ च्या मालिकेने तिला अपॅची चीफ या नायकाची वैरीण केले आणि हवे तेवढे उंच होण्याची शक्ती दिली. वानराचा मागमूसही ठेवला नाही. कॉमिकवाल्यांनी ती उंची पुढे आपल्याकडे घेतली. मग २००३ मध्ये ‘जस्टिस लीग’च्या ‘सीक्रेट सोसायटी’ कथेने दोन्ही टोके जोडली. तिथे जायगँटा उंचही होते आणि मुळात वानरही आहे, आणि तिला माणूस करणारा आहे खुद्द ग्रॉड, स्वतः बोलणारा, विचार करणारा गोरिला. ती टोळीत का आहे हा प्रश्नच उरत नाही. ज्याने घडवले त्याच्यामागे ती आली. दोन जुन्या हस्तलिखितांतले पाठभेद जुळवून एक शुद्ध प्रत काढावी तसे हे काम आहे, आणि ज्याने कोणी केले त्याला माझा मनापासून नमस्कार.

ग्रॉडही त्या कथेत ग्रॉडच राहतो. मनांवर ताबा मिळवणारा तो. म्हणून आपल्या माणसांना एकजूट शिकवतो आणि जस्टिस लीगच्या माणसांत कलह पेरतो. पुढे अनलिमिटेडमध्ये त्याचा खरा बेत उघड होतो: सगळ्या माणसांचे वानर करायचे. ल्युथर ते ऐकतो आणि ग्रॉडला बाजूला करून टोळी आपल्या हाती घेतो. माणूस असण्याचा ज्याला एवढा अभिमान, तो ल्युथर दुसरे काय करणार? टोळी फुटते ती त्या दोघांच्या स्वभावामुळे.

मला सर्वांत आवडलेली टोळी मात्र जग जिंकायला जमलेली नाही. बॅटमॅनच्या त्याच मालिकेतल्या १९९२ च्या ‘अल्मोस्ट गॉट इम’ या भागात जोकर, पेंग्विन, टू-फेस, पॉयझन आयव्ही आणि किलर क्रॉक पत्ते खेळत बसले आहेत आणि आपण बॅटमॅनला जवळजवळ कसे संपवले होते हे प्रत्येकजण सांगतो. आयव्हीने याआधी, हार्वी डेंट अजून टू-फेस झालेला नसताना, त्याच्याशी प्रेमाचे नाटक करून त्याला विष दिले होते. ती येऊन बसते तेव्हा टू-फेस ते विसरलेला नाही. दोन तिखट वाक्यांत ते येऊन जाते आणि डाव पुढे सुरू होतो. हीच ती आठवण, जिची चीताला गरज होती.

क्रॉकची पाळी येते तेव्हा तो सांगतो, मी त्याला दगड मारला. टेबलावर शांतता पसरते. मी हसलो, नात हसली नाही. ती म्हणाली, “क्रॉक इतका बावळट नाहीये.” ‘व्हेंडेटा’ या आधीच्या भागात क्रॉकने पोलीस डिटेक्टिव्ह बुलकला किती सफाईने खोट्या आरोपात गुंतवले होते, हे तिला आठवत होते. आणि भागाच्या शेवटी कळते की तो क्रॉक नव्हताच, वेष बदलून बसलेला बॅटमॅन होता. पाच मिनिटे तिच्या आनंदाला सीमा नव्हती. लेखकाने पात्र आधी नीट सांभाळले होते म्हणून ती फट तिला दिसली. क्रॉक दर भागात वेगळा वागत असता तर तो दगड नुसता दगडच राहिला असता.

मुलांच्या लक्षात येत नाही, हे वाक्य म्हणून मला खटकले. त्या दोन दुरुस्त्या पुढच्या अंकात छापाव्यात ही विनंती. लेखकाने याच विषयावर पुन्हा लिहिले तर आम्ही दोघे वाचणार आहोत. आम्ही एक वही केली आहे: पात्राचे नाव, टोळी, टोळीत येण्याचे कारण आणि शेवटचे कुठे पाहिले. चीतासमोर तिसऱ्या रकान्यात नातीने लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढले आहे. ग्रंडीने तिला दया येऊन सोडले असेल, असे मी परवा सुचवून पाहिले. ती म्हणाली, “आबा, ते दाखवलेले नाही.” प्रश्नचिन्ह तसेच ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक