बाम्बेर्गच्या ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापू नये, ही आपली इच्छा पाळून हे पत्र लिहीत आहे. जर्मनीतील बाम्बेर्ग शहर दाखवण्यासाठी आपण आपल्या सुट्टीचा अख्खा दिवस माझ्या आईवडिलांना आणि मला दिलात, त्याबद्दल आम्हां तिघांच्या वतीने मनःपूर्वक आभार.

रेग्निट्झ नदीच्या पात्रात उभे असलेले जुने नगरभवन आम्ही पाहणारच होतो. परंतु बिशपने जागा नाकारल्यामुळे नागरिकांनी नदीतच खांब रोवून ते उभारले, ही दंतकथा आपल्यामुळे कळली. कॅथेड्रलमध्ये शिल्पकार रीमेनश्नायडरने घडवलेल्या शाही समाधीवर तापलेल्या नांगराच्या फाळांवरून चालणारी सम्राज्ञी कुनिगुंडे आपण दाखवलीत, तेव्हा आईला लगेच सीतेची अग्निपरीक्षा आठवली आणि त्या शिल्पापुढून ती हलेना.

मात्र वडील निफाड तालुक्यातील कांदा उत्पादक आहेत हे कळताच आपण ठरलेला बेत बदलून आम्हांला माळ्यांच्या वस्तीत नेलेत, याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. १९९३ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या या शहराचा तोही एक भाग आहे, पण आम्ही आपणहून तिकडे फिरकलो नसतो. रस्त्यालगत एकमेकांना चिकटलेली घरे, गाडी आत जाईल एवढे रुंद दरवाजे आणि घरांच्या मागे, भर शहरात, भाजीपाल्याची शेते! येथील ज्येष्ठमधाचे पीक एके काळी इतके मानाचे होते की १६०२ च्या नगरनकाशातही त्याचे चित्र काढलेले आहे. कांदा पोसावा म्हणून पूर्वीचे माळी पायांना फळ्या बांधून उभी पात तुडवत, हे ऐकल्यावर वडिलांची कळी खुलली. आपल्याकडेही काही शेतकरी पात आडवी पाडण्यासाठी रिकामा ड्रम फिरवतात, हे त्यांनी तेथे भेटलेल्या वृद्ध माळीबाबांना आपल्यामार्फत सांगितले. पुढे बियाणे, पाणी, साठवण असे बोलणे वाढत गेले. कांदाचाळीत खालून हवा कशी खेळते, हे वडिलांनी कागदावर रेखाटून दाखवले आणि त्या दोघांचे प्रत्येक वाक्य आपण न कंटाळता, काहीही न गाळता एकमेकांपर्यंत पोहोचवलेत. परदेशात आल्यापासून मागे मागे राहणारे माझे वडील त्या शेतात जाणकार म्हणून बोलत होते, आणि हे केवळ आपल्यामुळे घडले.

उन्हाळ कांद्याच्या काढणीला आपण सहकुटुंब आमच्याकडे यावे, असा आईवडिलांचा आग्रह आहे.

आपला कृतज्ञ,
निफाडचा एक प्रवासी