वाजवणाऱ्यांची पण नावं घ्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

२०१८ ला लेकीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा जावईबापूंनी शाफ्ट्सबरी थिएटरला 'मोटाउन द म्युझिकल' हे संगीत नाटक दाखवलं. मी सातपूरला कारखान्यात लाईनवर नोकरी केलेला आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवणारा माणूस, त्यामुळे ती गोष्ट मला अगदी घरची वाटली. बेरी गॉर्डी म्हणून अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा एक जण, तोही मोटारीच्या कारखान्यात लाईनवर राबलेला, १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेतो न् एका साध्या घरात मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी थाटतो, आणि त्या घरातून डायना रॉस, स्टीव्ही वंडर, मार्विन गे, लहानगा मायकल जॅक्सन आणि त्याचे भाऊ सगळ्या जगात पोचतात! गाणी पन्नासच्या वर कोंबलीत, बरीचशी अर्ध्यावरच सुटतात, ते मला खटकलं, पण खाली पिटात वाद्यवृंद खराखुरा वाजत होता आणि माझं अर्धं लक्ष तिकडेच.

नाटक सुरू होतं कंपनीच्या रौप्यमहोत्सवाच्या रात्री, १९८३ मध्ये. नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या सोहळ्याला जेम्स जेमरसनला बोलावणंच नव्हतं, तो म्हणे ब्लॅकचं तिकीट काढून मागे बसला होता. जेमरसन म्हणजे कोण, तर या कंपनीच्या कितीतरी हिट गाण्यांवरचा बेस गिटार ज्याचा तो माणूस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. कंपनीच्या या वादकांना फंक ब्रदर्स म्हणायचे, पण रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांची नावं नीट छापून आली ती थेट १९७१ ला, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर, म्हणजे बारा वर्षं नुसतं वाजवायचं.

हे आज लिहायचं कारण, गेल्या रविवारी नाशिकातच जुन्या गाण्यांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांना शाल श्रीफळ झालं, प्रायोजकांची नावं तीनदा घेतली, गायकांची ओळख तर विचारूच नका, आणि ढोलकवर एक पोरगा बसला होता, काय हात होता त्याचा, कव्वालीला अख्खं थिएटर त्याच्यावर टाळ्या देत होतं, पण त्याचं नाव शेवटपर्यंत कुणी घेतलं नाही. मी मुद्दाम विंगेत जाऊन विचारलं तर तो लाजला, म्हणाला काका सवय आहे. फार वाईट वाटलं हो, कारण चाळीस वर्षांपूर्वी मी पण हेच म्हणायचो.

आपलं कालिदास कलामंदिर असो की परशुराम साईखेडकर नाट्यगृह, आयोजकांना एवढीच विनंती की इंटरव्हलच्या आधी, हॉल भरलेला असताना, वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं घ्या आणि जाहिरातीत पण टाका. आणि संपादकसाहेब, तुमच्या पेपरात अशा कार्यक्रमांची बातमी येते तिच्यात शेवटी 'साथसंगत' म्हणून एक ओळ द्या, पाच-सहा नावं त्यात आरामात बसतात.

आपला,
एक जुना ॲकॉर्डियनवाला, सातपूर, नाशिक