मिल्यास पत्र : टोकियोतली पाठलाग न झालेली शर्यत

पुणे,
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय मिल्या,

पॅरिस ऑलिंपिकच्या बायकांच्या सायकल रोड रेसवरचा तुझा मेसेज पोचला. ‘फॉकनरला सोनं फुकटात मिळालं, बाकीच्या तिघी एकमेकींची तोंडं बघत बसल्या.’ फोनवर भांडलो असतो तर तू मला बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहूनच टाकतो. तोंडं बघत बसल्या हे कबूल. फुकटात मिळालं हे नाही.

पॅरिसच्या त्या शर्यतीचा शेवट परत बघ. पुढे मारियान व्होस आणि हंगेरीची ब्लांका वॉश. मागून बेल्जियमची लोटे कोपेकी आणि अमेरिकेची क्रिस्टेन फॉकनर येतात आणि जेमतेम तीन किलोमीटर राहिलेले असताना त्यांना गाठतात. इथे कुणीही दोन श्वास घेतले असते. फॉकनरने घेतले नाहीत. गाठल्या गाठल्या तिने अटॅक केला, म्हणजे एकदम वेग वाढवून एकटी निघाली. व्होस आणि कोपेकी दोघींचा स्प्रिंट, म्हणजे रेषेजवळचा शेवटचा जोर, जबरदस्त, त्यामुळे फॉकनरच्या मागे जी जाईल ती दुसरीला स्वतःच्या चाकामागे बसवून आयती शेवटापर्यंत नेणार. दोघींनाही ते नको होतं. फॉकनर ५८ सेकंदांनी जिंकली. तिच्याकडे स्प्रिंट नव्हता, म्हणून स्प्रिंट होऊच द्यायचा नाही, हा तिचा हिशोब. याला नशीब म्हणायचं असेल तर म्हण बापडा.

पण तुला सांगायची आहे ती टोकियोची गोष्ट. २५ जुलै २०२१. तीत हाच प्रकार तीन किलोमीटर नाही, जवळजवळ चार तास चालला होता.

आधी एक गोष्ट ध्यानात घे. ऑलिंपिकची रोड रेस टूर द फ्रान्ससारखी नसते. टूरमध्ये आठ-आठ जणांचे संघ, प्रत्येकाच्या कानात रेडिओ, मागे गाडीत बसलेला मॅनेजर सेकंदा-सेकंदाची खबर देतो. ऑलिंपिकमध्ये रेडिओ नाही. मोटारसायकलवरचा माणूस पाटीवर अंतर लिहून दाखवतो, ते दिसलं तर दिसलं. बायकांच्या शर्यतीत एका देशाच्या जास्तीत जास्त चौघी. चौघींनी १३७ किलोमीटर सगळा घोळका मुठीत ठेवायचा म्हणजे त्यांच्या पायांत शेवटी काही उरतच नाही. आणि पुढच्याला वारा किती खातो, मागच्याचे पाय किती वाचतात, हे तुला मी सांगायला नको, कसारा घाटाच्या आधीच्या सपाटीवर तू कायम कुणाच्या तरी मागे लपलेला असतोस!

हॉलंडच्या चौघी कोण होत्या बघ : व्होस, लंडन २०१२ ची विजेती. अ‍ॅना व्हान डर ब्रेखन, रिओ २०१६ ची विजेती. अ‍ॅनेमीक व्हान फ्ल्यूटन, जी रिओत पुढे असताना उतारावर भयानक पडली होती. आणि डेमी व्होलरिंग. यांच्यातली कुठलीही एक दुसऱ्या देशात असती तर त्या देशाची एकमेव आशा ठरली असती. सगळ्यांना वाटलं, सोनं यांच्यातच वाटलं जाणार.

शर्यत सुरू झाली आणि शून्याव्या किलोमीटरलाच पाच जणी घोळक्यातून पुढे सुटल्या. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर, पोलंडची आना प्लिख्ता, इस्रायलची ओमेर शपिरा, दक्षिण आफ्रिकेची कार्ला ओबरहोल्झर, नामिबियाची व्हेरा लूझर. मागच्यांनी जाऊ दिलं. बड्या नावांपैकी एकही नाही, घाट यायचेत, दमतील, सापडतील. असं दर शर्यतीत होतं आणि दर शर्यतीत त्या सापडतातही. अंतर वाढत वाढत दहा मिनिटांच्या वर गेलं.

कीझनहोफर म्हणजे गणितज्ञ. व्हिएन्ना, केंब्रिज, मग बार्सिलोनाला पीएचडी, आणि त्या वेळी लोझानच्या विद्यापीठात संशोधन. व्यावसायिक संघाशी करार नाही, कोच नाही. सराव, खाणं, सायकलची मांडणी, सगळं स्वतःचं स्वतः. ऑस्ट्रियाची ती एकटीच शर्यतीत होती. पण नवशिकी समजू नकोस, टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकेकटीने मारायच्या शर्यतीत, ऑस्ट्रियाची विजेती होती ती. एकटीने, ठराविक ताकदीने, वारा अंगावर घेत तासभर सायकल मारणं हेच तिचं खरं काम. घोळक्यात खांद्याला खांदा लावून चालवणं तिला जमायचं नाही, आणि म्हणूनच सुरुवातीलाच सुटायचं हे तिने आधीच ठरवलं होतं. नंतर तिनेच सांगितलं हे. फॉकनरचाच हिशोब, फक्त कितीतरी आधी मांडलेला.

मागे काय चाललं होतं ते खरं बघण्यासारखं. जर्मनी, इटली, बेल्जियम, ब्रिटन, सगळ्यांचा विचार एकच : आपण पुढे येऊन वारा खात घोळक्याला ओढलं तर फायदा डच बायकांचा. हॉलंडकडे चौघी आहेत, त्यांनीच ओढावं. आणि डच चौघींपैकी प्रत्येक जण स्वतः जिंकू शकणारी. तिने आपली ताकद पाठलागात का जाळावी? सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकी साफ करायला हवी यावर सगळ्यांचं एकमत असतं आणि माणूस बोलवायची वेळ आली की सगळे चहा संपवून उठतात, तसलं सगळं.

मग ६० च्या आसपास किलोमीटर राहिले असताना व्हान फ्ल्यूटन निघाली. टीव्हीवर ते फार थोर दिसलं. मला मात्र सगळ्यात मोठी चूक तीच वाटते, आणि इथे तुझं-माझं जमणार नाही. आपली एक बाई पुढे गेल्यावर मागच्या तिघी डच ओढणार कशा? आपल्याच मैत्रिणीला पकडायला? त्या गप्प बसल्या. बाकीचे देश म्हणाले, हा डच लोकांचा घरचा मामला. म्हणजे जो काही पाठलाग सुरू होत होता तो तिथेच थंडावला. पुढे जाऊन व्हान फ्ल्यूटन एकटी, वारा अंगावर, समोरच्यांपर्यंतचं अंतर काही मिनिटांचं. शेवटी २५ एक किलोमीटर राहिले असताना ती परत घोळक्यात आली. सगळ्यात ताकदवान बाई दमली, घोळक्याचा वेळ गेला, आणि पदरात काही नाही.

तोपर्यंत पुढे वेगळंच झालं होतं. पाचातल्या दोघी मागे पडल्या होत्या, उरल्या तिघी. कागोसाका खिंडीच्या चढावर, शेवटापासून ४० एक किलोमीटरवर, कीझनहोफरने शपिरा आणि प्लिख्तालाही सोडलं. आता ती एकटी. खिंडीपलीकडचा उतार आणि मग फूजी स्पीडवे, मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक. टीव्हीवर तिचा चेहरा दिसत होता, तोंड उघडं, मान खाली, पण पायांची लय मोडत नव्हती. मागे वळून बघतही नव्हती फारसं.

शेवटचे थोडे किलोमीटर असताना घोळक्याने शपिरा आणि प्लिख्ताला गाठलं. झालं, सगळ्या सापडल्या, असं व्हान फ्ल्यूटनला वाटलं. तिने परत जोर मारला, एकटीच ट्रॅकवर आली, रेषा ओलांडताना दोन्ही हात वर केले. रिओचं सगळं भरून निघालं असा चेहरा. कीझनहोफर १ मिनिट १५ सेकंद आधीच पोचली होती. ती ट्रॅकवर आडवी पडून रडत होती. वेळ ३ तास ५२ मिनिटं ४५ सेकंद. इटलीची एलिसा लोंगो बोर्गिनी तिसरी.

जगभर मथळे झाले की डच बायका मोजायला चुकल्या, रेडिओ असता तर असं झालं नसतं. मला हे पटत नाही. मोजणी चुकली हे खरं, पण ती शेवटची पाच मिनिटं. रेडिओवरून कुणी ओरडून सांगितलं असतं तरी ‘कुणी ओढायचं’ हा प्रश्न तसाच राहिला असता. लंडन २०१२ ची पुरुषांची शर्यत आठव. तेव्हा पुढे मोठी टोळी सुटली आहे हे ब्रिटनला माहीत होतं. विगिन्स, फ्रूम, मिलर, स्टॅनर्ड, चौघे जीव तोडून त्यांचा स्प्रिंटर कॅव्हेंडिश याच्यासाठी ओढत होते. बाकीच्यांनी फारशी मदतच केली नाही. कॅव्हेंडिश २९ वा, सोनं कझाकस्तानच्या व्हिनोकुरोव्हला. तिथे एकटाच संघ राबला म्हणून हरला, इथे कुणीच राबलं नाही म्हणून.

१८९६ मध्ये आडोल्फ श्माल नावाच्या गड्याने बारा तासांची शर्यत जिंकली होती, त्यानंतर ऑस्ट्रियाला सायकलिंगचं सोनं हे पहिलंच. आणि व्हान फ्ल्यूटनची कीव करू नकोस, तीन दिवसांनी तिने टाइम ट्रायलचं सोनं घेतलं. तिथे कुणाची वाट बघायची नसते.

गणपतीत येतोयस ना? सायकल घेऊन ये, खंडाळ्याच्या घाटात जाऊ. आणि या वेळी पुढे तू राहा, मी मागे लपतो. वहिनींना नमस्कार, पोरांना खाऊ घेऊन ठेवलाय म्हणून सांग. कीझनहोफरबद्दल अजूनही ‘लॉटरी’ म्हणायचं असेल तर कारणासकट लिही, नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
सुहास