दादा, त्या एका धाग्यासाठी थँक्यू

दादा,

चार दिवस झाले, लिहीन लिहीन म्हणतेय आणि लिहायला बसलं की गळा दाटून येतो. आज लिहितेच. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांनी मला हसून बाजूला केलं त्यांनीही हे वाचावं.

दोन वर्षं मी टॉय फोटोग्राफी करतेय, म्हणजे खेळण्यातल्या छोट्या माणसांचे, ती खरी वाटावीत असे फोटो. ज्याला फोटो दाखवावा तो म्हणणार, छान आहे गं, पण आता काहीतरी खरं काढ. एका वर्कशॉपला तर पूर्ण फी भरून गेले होते, तिथले सर माझा सेटअप बघून "या बाहुल्या आवरा आधी" एवढंच बोलले आणि पुढे निघून गेले. माझा प्रश्न तसाच राहिला. साधा होता हो, नाक शार्प आलं की कान ब्लर का होतात? तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत, इतक्या जवळून फोकसमध्ये जेमतेम काही मिलिमीटर राहतात, लेन्सचं छिद्र बारीक करत एफ 11 पर्यंत जा, तरी नाही पुरलं तर फोकस सरकवत सरकवत चार-पाच फोटो काढ आणि जोड. झालं! यासाठी मी दोन वर्षं रडत होते.

पण थँक्यू त्यासाठी नाहीये.

तुम्ही आलात, गुडघा दुखत असूनही जमिनीवर पालथे पडलात, गाल फरशीला टेकवून माझ्या 15 सेंटिमीटरच्या माणसाकडे त्याच्या उंचीवरून कितीतरी वेळ बघत राहिलात. मग खिशातून बारीक ब्रश काढला आणि त्याच्या खांद्यावरचा एक धागा अलगद उचललात. कापसाचा एवढासा धागा, मला दिसलाही नव्हता, आणि त्याच्या मापात तो दोरखंड होता. लग्नाला निघालेल्या मुलाच्या खांद्यावरचा केस आई काढते ना, अगदी तसा काढलात. आणि विचारलंत, "हा कुठं निघालाय?"

दादा, असं कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, घरी, पावसात. तर तुम्ही म्हणालात, मग स्प्रेचे थेंब अजून बारीक कर, हा 1:12 चा आहे, म्हणजे खऱ्या माणसाच्या बाराव्या हिश्श्याएवढा, 3 मिलिमीटरचा थेंब याच्या अंगावर साडेतीन सेंटिमीटरहून मोठा होतो, एवढ्या पावसात कोण घरी जाईल! जपानच्या तात्सुया तानाकांबद्दलही तुमच्याकडूनच कळलं, 2011 पासून रोज एक मिनिएचर फोटो, ब्रोकोलीची झाडं करतात. रोज! त्यांना कुणी आवरा म्हणालं असेल का, असं सारखं मनात येतं.

मोठ्या गोष्टीला मान कुणीही देतं. दुसऱ्याला जे जिवापाड आहे ते आपल्याला कितीही छोटं दिसलं तरी नीट हातात धरणं, ही माणुसकी फार थोड्यांत असते, आणि ती असलेली माणसं बोलतातही कमी. तुम्ही तर चहाही न घेता गेलात.

फोटो झालाय. थेंब बारीक आहेत, थोडं ग्लिसरीन घातलं म्हणून ओघळले नाहीत, मागच्या टॉर्चच्या उजेडात खांद्याची कड चमकतेय. खांदा स्वच्छ आहे. पहिली प्रिंट तुमच्यासाठी काढून ठेवलीय, आणि तुमचा ब्रशही इथेच राहिलाय. दोन्ही न्यायला या.

तुमची,
पावसातल्या माणसाची फोटोग्राफर