एका कानाचा हट्ट

कोल्हापूर, रविवार

चि. सायलीस,

एका कानात इअरफोन घालून, बातम्या ऐकत रस्त्याने चालू नकोस म्हटलं, तर गुरुवारी तू फोन आपटलास. आता पत्रात तो विषय काढायचा नाही, असं ठरवून बसलेय. फोन तुला हे वाचून दाखवील, तेव्हा निदान एका जागी बसून ऐक. चालता चालता नको.

काढलाच बघ.

तू म्हणालीस, "माझा मेंदू वेगळा आहे, तूच सांगितलंस." सांगितलं होतं, खरं आहे. कानाच्या मागे, जरा वरच्या अंगाला, मेंदूत एमटी नावाचा भाग असतो. डोळसांत तो प्रामुख्याने दिसणाऱ्या हालचालीचा हिशेब ठेवतो. तुझ्यासारख्या जन्मापासून न दिसणाऱ्यांत तोच भाग सरकत्या आवाजाला जागा होतो. 2010 च्या अभ्यासात मोठेपणी दृष्टी गेलेल्यांत तसं आढळलं नाही. 2014 साली तर लहानपणापासून अंध असलेल्यांच्या याच भागाच्या कामावरून आवाज कुठल्या दिशेला सरकतोय तेही संशोधकांना ओळखता आलं. डोळसांत ती दिशा श्रवणाच्या भागातून ओळखता येते. रंकाळ्याच्या कठड्यावर चार वर्षांची तू म्हणायचीस, "आई, केएमटी वळली," आणि मी मान वर करेपर्यंत बस वळलेली असायची. आक्का म्हणायच्या, पोरीची दृष्ट काढा.

पण या भागाला कच्चा माल कान पुरवतात, आणि दोन्ही कान पुरवतात. बाजूने येणारा आवाज एका कानाला दुसऱ्याच्या आधी पोचतो, फार तर 0.7 मिलिसेकंद. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला तो थोडा बारीक लागतो. हे दोन फरक सरकत गेले की दिशा कळते. एका कानात इअरफोन कोंबलास की दोन्ही फरक बिघडतात. गाडी आहे एवढं कळतं, कुठून कुठे चाललीय ते नीट कळत नाही. कवटीच्या हाडातून ऐकवणारा इअरफोन घेतलास तर कान मोकळे राहतात, पण लक्ष बातम्यांतच अडकतं ना?

दादाची बॅटरीवरची स्कूटर आठव. हळू असली की नुसता टायरचा आवाज, तोही रिक्षाच्या धडधडीखाली बुडतो. पावसात ओल्या डांबराची सरसर सगळीकडून येते, छत्रीवर थेंब वाजतात, म्हणून तेव्हा दुप्पट थांब. सिग्नलची एक पूर्ण फेरी ऐकून घे. तुझ्या बाजूने समांतर जाणाऱ्या गाड्या सुटल्या की निघ, पण वळणाऱ्यांना मोजून.

लेक्चर झालं. माफ कर. तू बावीस वर्षांची आहेस, एकटी पुण्यात राहतेस, आणि शेजारपाजाऱ्यांना मी हे इतक्यांदा सांगते की तुला लाज वाटेल.

एकच सांगते. 1983 साली जर्मनीतल्या संशोधकांनी एका बाईची नोंद केली. मेंदूला इजा झाल्यावर तिला हालचालच दिसेना. चहा ओतताना धार गोठल्यासारखी वाटायची. लांब दिसलेली गाडी रस्ता ओलांडायच्या वेळी एकदम अंगाशी यायची. तिने शेवटी काय केलं? आवाज कसा मोठा होतो त्यावरून गाडीचं अंतर ओळखायला शिकली. डोळे असलेली बाई, सायली, कानावर भरवसा ठेवायला शिकली. आणि तू एक कान बंद करतेस.

काठीची जादा टोकं पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. जुनं टोक एका बाजूने झिजलंय, बदल, नाहीतर काठी फटीत अडकेल. कांदा-लसूण चटणीचं झाकण घट्ट लाव. बाबांनी तुझा फोन आला तर सांगायला बजावलंय, ते स्वतः काही करणार नाहीत.

तो इअरफोन रस्त्यावर तरी काढ.

तुझी आई