डुकराच्या पिल्लांच्या हगवणीवरचा उपाय खाद्यात

महोदय,

वराहपालनात सर्वाधिक प्रतिजैविके वापरली जातात ती दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, पिल्लांच्या हगवणीवर. या वयात जठरात आम्ल कमी बनते. २१-२२ टक्के प्रथिनांचे खाद्य दिले की न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात जाऊन सडते आणि हगवण लावणारे ई. कोलाय जिवाणू फोफावतात. प्रथिने १७-१८ टक्क्यांवर आणा. मात्र लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) वरून घालायलाच हवीत. अनेकजण प्रथिनांसाठी घातली जाणारी सोयापेंड कमी करून इथेच थांबतात, मग वाढ खुंटते आणि दोष पद्धतीला दिला जातो! खाद्यातल्या चुनखडीचे प्रमाणही तपासा, ती जठरातले आम्ल मारते. दूध २८ दिवसांआधी तोडू नये. दुसऱ्या आठवड्यापासून थोडे थोडे, ताजे कोरडे खाद्य समोर ठेवावे. दूध तुटल्यावर पिल्लू दिवसभर उपाशी राहिले तरी आतड्याचे अस्तर झिजते.

युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविके २००६ मध्ये आणि हगवण रोखण्यासाठी पिल्लांच्या खाद्यात मिसळले जाणारे औषधी मात्रेतील झिंक ऑक्साइड २०२२ मध्ये बंद केले. आजारी पिल्लाला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध जरूर द्यावे, पण सगळ्या कळपाच्या खाद्यात ते रोज मिसळणे थांबलेच पाहिजे.

– एक पशुआहार अभ्यासक